चौकातली माफी

एका सकाळी फोन आला. योहानची मुलगी रूथ. “गुरुजी, बाबा गेले. दुकानाचं शटर उघडता उघडता…” आणि मी, जन्मभर पोरांना बोलायला शिकवलेला मास्तर, म्हणालो, “अगं, पण आज शनिवार आहे!” जणू शनिवारी मरायला बंदीच होती. रूथ मात्र समजली. शनिवार म्हणजे तिच्या बापाचा माफीचा दिवस.

योहानचं पांढुर्ण्यात मोटार वाइंडिंगचं दुकान; जळालेल्या पंपांच्या मोटारींना नवी तार भरून द्यायचा. हात सोन्याचा, तोंडाचा मात्र भरवसा नाही, कधी ठिणगी उडेल सांगता येत नसे. आठवडाभर भांडायचा आणि शनिवारी सायकल काढून ज्याच्या त्याच्या दारात उभा राहायचा. मनात वैर ठेवून रविवारी चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम. “असा ख्रिस्ती काय कामाचा बे, जो दर हप्त्याले भांडते?” मी चिडवायचो. “म्हणून तर दर हप्त्याले जातो ना गुरुजी!”

एकदा मात्र गाडी अडली. लोधीखेड्याच्या गजाननची संत्र्याच्या बागेतली, योहाननेच भरून दिलेली मोटार पुन्हा जळाली. तो दुकानासमोर, भर चौकात म्हणाला, “तार हलकी टाकली तू.” योहानने त्याच्या कानाखाली वाजवली. शनिवारी आम्ही दोघं गजाननच्या वावरात. मध्यस्थ मी, म्हणजे काम बिघडणारच. मी म्हणालो, “गजाननराव, थापड तशी हलकीच होती.”

“तारही हलकी अन् थापडही हलकी? गुरुजी, तुम्ही घरी जा.” मग योहानकडे वळून, “मारलं चौकात अन् माफी वावरात? जमत नाही.”

चौकात, गिऱ्हाइकांसमोर हात जोडायचे? “दुकान बसन माह्यं,” परतताना योहान म्हणाला. त्यानंतर प्रभुभोजनाच्या वेळी तो बाकावरच बसून राहायचा. भाकर शेजारून पुढे जायची आणि हा मान खाली घालून… पावसाळा गेला, संत्र्याची तोडणी झाली, पुढचा पावसाळा आला. चर्च सोडलं नाही, भाकर घेतली नाही. मी म्हटलं, “घेऊन टाक. देव काय गजाननला विचारायला जाणार आहे?”

“त्याले कशाले विचारन? मलेच विचारून राहिला ना तो.”

शेवटी एका बाजाराच्या दिवशी, मी दुकानात बसलेलो असताना, गजानन चौकातून जाताना दिसला आणि योहान हातातलं काम टाकून खाली उतरला. हात जोडून मोठ्यानं म्हणाला, “ह्या माणसाले मी इथंच मारलं होतं. चूक माही होती.” माणसं थांबली. कुणीतरी हसलं.

“पुरे ना बे, लोक पाहून राहिले,” गजानन कुजबुजला.

“पाहू दे. तेव्हाही पाहतच होते.”

गजाननने त्याचे जोडलेले हात धरून खाली केले. मला टाळ्या वाजवायचा मोह झाला. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझे हात खिशात गेले.

त्या रविवारी मी चर्चच्या मागच्या बाकावर होतो. योहानने भाकर घेतली, खूप वेळ डोळे मिटून बसला… आणि बाहेर येताच पंख्याच्या वायरिंगवरून पाळकसाहेबांशी भांडला. फाटकाशी आल्यावर थबकला. “शनिवारपर्यंत नाही थांबवत गुरुजी,” म्हणून मागे फिरला.

माझी देवाशी ओळख जामसांवलीच्या मारुतीला नारळ फोडण्यापुरती. पण न सुधारणारा माणूस पुन्हा पुन्हा उठून माफी मागायला निघतो, हे मी पाहिलंय, आणि त्यानं धीर येतो. योहान गेल्यानंतर, परवा मी भर गल्लीत दूधवाल्याला नको ते बोललो. माफी फोनवर उरकायचा बेत होता. नंबर लावला, कापला, चपला घातल्या. दूधवाला नाक्यावरच्या हॉटेलात, भरल्या बाकांमध्ये चहा पीत होता. मला पाहून त्यानं तोंड फिरवलं.

मी आत शिरलो.