मधल्या होडीची पोच

अक्षर वाईट आहे, शुद्धलेखनही चुकेल, सांभाळून घ्यावं. आज धक्क्यावर एका होडीला नवा वायरलेस बसवत होते. कारागीर सांगत होता, "आता वाऱ्यातही खोळंबा नाही. मधली होडी निरोप घेईल, लगेच पोच देईल, मग पुढच्या होडीला मिळेपर्यंत पाठवत राहील." आमच्याकडे समोरच्याने स्वतः "मिळालं" म्हटल्याशिवाय निरोप पोचला असं कोणी धरत नसे.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी किनाऱ्यावरच्या वायरलेस सेटवरून मी लांब समुद्रात गेलेल्या आमच्या ह्यांना म्हटलं, "वारा फिरलाय, परत या." उत्तर नाही. मी हाका मारत राहिले. शेवटी किनारा आणि ह्यांच्या मध्ये असलेल्या होडीवरून धर्माभावजी म्हणाले, "वहिनी, थांबा, मी सांगतो त्याला." थोड्या वेळाने पुन्हा त्यांचाच आवाज आला, "मिळालं म्हणतो. येतोय." मी घरी जाऊन भात टाकला. हे परत आलेच नाहीत.

समुद्र शांत असला की तो शब्द जास्त ऐकू येतो. "मिळालं." पण आवाज ह्यांचा नसतो.

आज धीर करून विचारलं, "भावजी, ते खरंच बोलले होते?"

भावजी जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "वहिनी, तुम्ही सारख्या हाका मारत होतात. कोणीतरी ओ द्यायला हवी होती."