कसा मेलो मी?

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. नागपुरातल्या आमच्या हौशी नाटक मंडळीचा निर्माता मी, आणि आमच्यातला एक नट कायम प्रेताची कामं करायचा. तिरडीवर पडला की नाकावर माशी बसली तरी हलत नसे. पडदा पडताच उठून, कपाळावरचा गुलाल पुसत विचारायचा, "कसा मेलो गा मी, भाऊ?"

"झकास मेला गा!" हे ऐकल्याशिवाय तो चहाला हात लावत नसे.

एकदा आमचं नाटक पाहून गेलेल्या मुंबईच्या मालिकेवाल्यांचा मला फोन आला. त्यांना तो एका बोलत्या भूमिकेसाठी हवा होता. असं प्रेत मला दुसरं कुठे मिळणार? मी म्हणालो, "अहो, तो मुका आहे."

तो मात्र विचारतच राहिला, "मुंबईवाले काही बोलले का, भाऊ?" मी म्हणायचो, "अजून नाही." मग पडदा उघडेपर्यंत तो तिरडीवर पडून पुटपुटत संवादांचा सराव करायचा.

परवा तो खरंच गेला. सगळं कबूल करून माफी मागायची, असं ठरवून मी त्याच्या कानाशी वाकलो. नाकावर माशी बसली होती. तो हलला नाही. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "झकास मेला गा!"