फूल नसलेल्या एकतीस कुंड्या

मंगळवारी सकाळी मावशी गेल्या. गुरुवारी मी त्यांच्या झाडांना पाणी घातलं. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

एकतीस कुंड्या. सगळी ऑर्किडं. एकीवरही फूल नाही.

मावशी माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या. तीस वर्षं त्यांनी एका मोठ्या ऑफिसातल्या साफसफाईवर देखरेख केली. तिथे रिसेप्शनच्या टेबलावर भेट आलेली ऑर्किडं असायची. दोनेक महिन्यांनी फुलं गळायची आणि झाड कुंडीसकट कचऱ्यात जायचं. पहिलं झाड त्यांनी कचऱ्याच्या पिशवीतूनच उचललं. "पानं हिरवीगार होती गं. धडधाकट माणसाला तिरडीवर घालून निघाल्यासारखं वाटलं."

पहिली चार झाडं त्यांनी मारली. जास्त पाणी घालून. हे त्या स्वतःच सांगायच्या. मग शिकल्या. फुलं गळल्यावर दांडा वाळला असेल तर बुडातून कापायचा. हिरवा असेल तर खालून तिसऱ्या पेराच्या वर. कात्री आधी गॅसवर तापवायची. कुजकी मुळं तेवढी छाटायची, कापल्या जागी दालचिनीची पूड लावायची. मग मातीऐवजी लाकडाच्या सालीच्या नव्या तुकड्यांत झाड बसवायचं. आठवड्यातून एकदा कुंडी पाण्यात बुडवून पूर्ण निथळू द्यायची. आणि थंडी सुरू झाली की महिना-दीड महिना खिडकीत, झडप किलकिली ठेवून.

"गारवा लागल्याशिवाय ह्यांना दांडा फुटत नाही," त्या म्हणायच्या. "लाड केले की नुसती पानं."

हळूहळू आसपासचे लोकही फुलं गळलेली झाडं त्यांच्याकडे आणून ठेवायला लागले. कळ्या धरल्या की झाड ज्याचं त्याच्या घरी जायचं. फुलं गळली की परत यायचं. त्यामुळे मावशींच्या घरात फूल असं कधी दिसायचंच नाही. कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर दर वर्षी कुंडी घेऊन जिना चढायचे.

"मावशी, लेकीला माहेरी आणलंय."

"बरं केलंत. काय दशा करून ठेवलीय पोरीची! पाणी घालता की बुडवून मारता?"

"दात काढायला सांगा. तेवढं जमतं मला."

"तोही दुखऱ्याच्या शेजारचाच काढता म्हणे."

एक झाड मात्र कुठेच जायचं नाही. ते त्यांच्या मुलीने पाठवलेलं होतं.

मुलीबद्दल त्यांनी मला एकदाच सांगितलं, कुंडीतली साल बदलता बदलता. लग्नानंतर दीड वर्षाने मुलगी बॅग घेऊन दारात आली होती. नवरा हात उचलतो म्हणाली. मावशींनी तिला जेवायला वाढलं आणि म्हणाल्या, परत जा, जमवून घे. ती गेली. नवऱ्याकडे नाही, दुसऱ्या शहरात. सहा वर्षं एका शब्दाने बोलणं नाही. मावशी निवृत्त झाल्या त्या दिवशी ऑफिसात हे झाड आलं. पांढरी फुलं. सोबतच्या कार्डावर मजकूर नव्हता. फक्त एक फोन नंबर.

"मग केलात फोन?"

"आज करू, उद्या करू. फुलं अडीच महिने टिकली. रोज बघायचे. मग गळली." त्यांनी हात झटकले. "फुलं होती तोवर केला नाही. आता कोणत्या तोंडाने करू? पुन्हा फुलेल तेव्हा करीन. म्हणजे सांगायला काहीतरी असेल."

दोन वर्षं झाली. ते फुललं नाही.

कारण मला दिसत होतं. बाकीची तीस झाडं थंडीत खिडकीत असायची. हे स्वयंपाकघरात, ओट्यामागच्या भिंतीशी. घरातली सगळ्यात उबदार जागा. पानं तर अशी, की तेल लावल्यासारखी. दांड्याचा पत्ता नाही.

गेल्या थंडीत मी बोलले. "मावशी, ह्यालाही खिडकीत ठेवा ना."

"तिथे वारा फार येतो."

"तोच तर लागतो. तुम्हीच सांगता."

"बाकीच्यांना लागतो."

"अहो, झाड तेच, जात तीच."

"शहाणे, पुस्तकं वाच तुझी." मग त्या बराच वेळ पान पुसत राहिल्या. "एकदा काढलंय बाहेर," त्या म्हणाल्या. "पुन्हा नाही जमायचं."

मी तो विषय पुन्हा काढला नाही.

मंगळवारी दूधवाल्याने माझी बेल वाजवली. वर कुणी दार उघडत नाही म्हणाला. माझ्याकडे किल्ली होती. तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या. मुलीचं ते कार्ड फ्रिजच्या दाराला चिकटवलेलं होतं. त्या नंबरावर पहिला फोन मी केला.

मुलगी त्याच संध्याकाळी पोचली. सगळं उरकल्यावर, शुक्रवारी, ती स्वयंपाकघरात आली आणि झाडापाशी थांबली.

"हे मी पाठवलेलं?"

"हो."

"अजून आहे?" तिने कुंडीला हात लावला नाही. "फोनवर चित्र बघून मागवलं होतं. दोन मिनिटं लागली असतील. मला वाटलं, फुलं गळली की टाकून देईल."

मी तिला सांगितलं. फुलल्यावर फोन करणार होत्या, ते. बाकीची कुठे असतात आणि हे कुठे असायचं, ते. गारव्याचं. बाहेर काढण्याबद्दल त्या काय म्हणाल्या, तेही.

ती स्टुलावर बसली. भिंतीकडे बघत म्हणाली, "इथे? गॅसजवळ?"

"हो."

तिने तोंडावर हात धरला. नळाखालच्या बादलीत पाणी टपटपत होतं. मी उठून नळ घट्ट केला.

"नंबर तुला माहीत होता?"

"फ्रिजवरच होता."

"दोन वर्षं?"

"हो."

"आणि तूही थांबलीस."

मला वाटलं, ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आई पूर्वीपासून अधूनमधून नंबर बदलायची," ती म्हणाली. "म्हणून मी अनोळखी फोनसुद्धा उचलायचे. बँकवाले, विमेवाले, सगळे. मंगळवारी तुझाही तसाच उचलला."