महादेवाने पुसलेलं हॉल तिकीट

खरं सांगते, त्या पहाटे देवाशी माझं पटत नव्हतं. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या एकाच विषयात मी दोनदा आपटले होते आणि आमच्या कॉलेजचा नियम कडक, तिसऱ्यांदा नापास तर कोर्स सोडून घरी बसायचं. या वेळी अभ्यास मात्र असा केला होता, की कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तर दिलं असतं. पेपर दहाला, शहाद्यात. आई म्हणाली, "जाता जाता प्रकाशाले उतर, तिकीट महादेवना पायवर ठेव." तिच्या समाधानासाठी वाटेतल्या प्रकाशा गावी, तापीकाठच्या महादेवाच्या देवळापाशी उतरले.

हॉल तिकीट पिंडीवर टेकवलं आणि हात जोडून डोळे मिटले. तेवढ्यात मागच्या भाविकाने तापीच्या पाण्याचा तांब्या ओतला! डोळे उघडले तर फोटोची शाई वाहून गेलेली, नंबरही गेला. "देवा, तूसुद्धा?" असं म्हणून मी पायरीवर बसून ढसाढसा रडले.

पायरीवर बेल विकणारी एक म्हातारी होती. कधी ओळख ना पाळख. म्हणाली, "काबरं रडस वं? कागद भिजना तं नवा काढ!" टोपली तशीच टाकून तिने मला ओढत झेरॉक्सच्या दुकानापाशी नेलं आणि बंद शटरवर हात आपटले. "ऊठ रे भो, पोरीना पेपर शे!"

दुकानदार डोळे चोळत आला. दहाला शहाद्यात पेपर आहे, असं सांगत मी मोबाइलवरून तिकीट पुन्हा उतरवलं. त्याने छापील कागद वाचला आणि विचारलं, "ताई, शहादा कुठंय? इथं तर नंदुरबार लिहेल शे."

मी कागद त्याच्या हातातून ओढून घेतला. माझं पहिलं तिकीट छापल्यानंतर पुन्हा परीक्षेला बसणाऱ्यांचं केंद्र बदललं होतं. मागे राहिलेल्या आम्हा मुलींना वर्गाच्या ग्रुपमधून केव्हाच काढलं होतं, मला कोण कळवणार? तो कागद कोरडा राहिला असता तर मी दहा वाजता शहाद्यात चुकीच्या दारात उभी असते. म्हातारीने मला नंदुरबारच्या जीपमध्ये कोंबलं. साडेनऊला पोचले, पेपर झकास गेला.

पास झाल्यावर पेढे घेऊन गेले. ती आत गाभाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मले कसाले? मझार बठेल शे, तेले दे." मी ऐकते होय! दोघांनाही दिले.

आज धडगावच्या दवाखान्यात ड्यूटी करते. तो पुसलेला कागद अजून जपून ठेवलाय. मनासारखं नाही झालं की आधी चिडते, तो स्वभावच आहे. मग कागद आठवतो आणि म्हणते, ओत बाबा, तुला ओतायचं तेवढं ओत. मी नवा काढते.