स्प्रूसची तपकिरी बाजू
फरशी पुसायच्या लिक्विडला पाइनचा वास आला की आखातातल्या अल मनखूल वस्तीतली आमची बाल्कनी आठवते. बायकोने हौसेने आणलेल्या कुंडीतल्या स्प्रूस या पाइनसारख्या झाडाच्या सुया एकाच बाजूने तपकिरी पडत होत्या. पाणी नीट होतं, कीडही नव्हती. मग माझ्याच हाताला झळ लागली. बेडरूमच्या एसीची गरम हवा थेट झाडावर येत होती. औषधांनी तिच्या अंगाची आग व्हायची, म्हणून जानेवारीतही आमचा एसी चालूच. “कुंडी पलीकडे सरकवतो,” मी म्हणालो. “नको हो, पडल्यापडल्या एवढंच दिसतं मला.” मी कुंडी हलवली नाही. मार्चमध्ये त्या तपकिरी बाजूला कोवळे हिरवे शेंडे फुटले. तोवर बेडरूममधला तिचा पलंग रिकामा झाला होता; एसी लावायची गरज उरली नव्हती.