वाट्यांतली शिट्टी

मी मानवतला एका जिनिंगवर कापसाची प्रत ठरवायच्या कामाला आहे. चिमूटभर रुई घ्यायची, दोन्ही हातांच्या बोटांत ओढायची, धाग्याची लांबी बघायची आणि समोरच्याच्या तोंडाकडे न बघता प्रत सांगून टाकायची. वर्षानुवर्षं हेच केलं की माणसाला वाटायला लागतं, जगातल्या सगळ्या अडचणींचं उत्तर कापसात आहे. त्यामुळे माझ्या डाव्या कानात रातकिडा ओरडल्यासारखा आवाज यायला लागला आणि यंत्रांच्या आवाजानं तो वाढतो असं लक्षात आलं, तेव्हा मी कानासाठी कापूस निवडायला घेतला.

निवडला तोही साधासुधा नाही. लांब धाग्याची, पांढरीशुभ्र, कचऱ्याचा कणही नसलेली रुई घरी आणली, पिंजली आणि घट्ट बोळे केले. यंत्रांचा आवाज जसाच्या तसा आत येत राहिला. मला वाटलं प्रत चुकली, म्हणून दुसऱ्या गाठीतली घेतली.

परभणीच्या कानाच्या डॉक्टरांनी ते बोळे चिमट्यानं बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवले. "कापसानं आवाज अडत नाही," ते म्हणाले.

"चांगला कापूस आहे," मी म्हणालो.

"चांगल्यानंही अडत नाही."

माझा चेहरा पाहून त्यांनी समजावून सांगितलं. रातकिडा पूर्ण जाईलच असं नाही, पण उरलेला कान वाचवता येतो. त्यांनी फोमची मऊ बुचं दिली. बोटांत वळून बारीक करायची, कान वर ओढून आत सरकवायची आणि फुगेपर्यंत धरून ठेवायची. गोंगाटात घालायची, शांत ठिकाणी काढायची. यातलं पहिलं मी नीट ऐकलं. दुसरं ऐकल्यासारखं केलं.

बुचांनी जिनिंगवर बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी ती घरीही काढेना. जेवताना, पेपर वाचताना, सगळा वेळ कानात बुचं. रातकिडा कमी व्हायच्या ऐवजी माजला. पुन्हा डॉक्टर. ते वैतागले. म्हणाले, बाहेरचं सगळं बंद केल्यावर आतलंच ऐकू येणार ना? घरी कान उघडा ठेवा, शांत वाटलं तर पंखा बारीक चालू ठेवा, तेवढा आवाज कानाला सोबत असतो.

हे मी घरी येऊन सांगितलं तर बायको हसली. "हे सांगायला डॉक्टर लागला व्हय? मला तर पंख्याबिगर झोपच येत न्हाई."

ते खरं होतं. ऐन थंडीत दोन गोधड्या अंगावर घेऊन तिला पंखा लागायचा आणि त्यावरून आमची दर हिवाळ्यात वादावादी व्हायची. मी याला झरीची सवय म्हणायचो, कारण तिचं माहेर झरीचं आणि तिच्या न पटणाऱ्या सगळ्या गोष्टी मी त्या गावाच्या नावावर लावत आलोय.

खरी अडचण पुढच्या खोलीत होती. तिथं बायकोची पिठाची गिरणी आहे. तिनं ती हट्टानं घेतली आणि एकटीनं चालवली. गल्लीतल्या बाया ज्वारीचे डबे घेऊन येतात, दळण होईपर्यंत पायरीवर बसतात, आणि मानवतमधली एकही बातमी त्या पायरीला चुकत नाही. गल्लीत मला कुणी माझ्या नावानं ओळखत नाही, गिरणीवालीचा नवरा म्हणून ओळखतात. तर ही गिरणी आणि माझी बसायची खोली यांत एकच भिंत. जिनिंगवर दिवसभर बुचं घालून कान हुळहुळायचा, घरी पुन्हा घालवत नसत. उघड्या कानानं बसलो की भिंतीपलीकडून मोटर आणि दगड.

शेवटी मी एका संध्याकाळी म्हणालो, "आता गिरणी बंद करू."

ती परातीत पीठ चाळत होती. तिनं हात थांबवला नाही. "कान तुमचा, गिरणी माझी," ती म्हणाली.

त्यानंतर घरात बोलणं फक्त कामापुरतं राहिलं. मी हट्टाला पेटलो होतो हे मला कळत होतं, पण रातकिडा घेऊन फिरणाऱ्या माणसाला शहाणपण सुचत नाही. पुढं तिनंच तोड काढली. "तुमच्या कानाला मानवंल असं काहीतरी शोधा. न्हाईच सापडलं तर दिवाळी झाली की गिरणी काढून टाकू." हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. गिरणी गेली तर तिची पायरी जाणार होती, तिची कमाई जाणार होती, आणि दिवसभर माझ्यासमोर बसून राहायची वेळ येणार होती. यातलं शेवटचं मलाही परवडणारं नव्हतं.

आणखी एक अट तिनं घातली. "तुमी उगंच खोड काढाल. आधी मी घालून बघणार, गिरणीपाशी उभी ऱ्हाऊन."

मी परभणीहून सिलिकॉनची बुचं आणली. तिनं ती घातली, एक डबा दळला, मोटर बंद केली आणि बुचं काढून माझ्या हातात ठेवली. "खराब हायती. आतून शिट्टी वाजायलीय."

मी दुसऱ्या बनावटीची आणली. त्यातही शिट्टी. मग परभणीतल्याच हेल्मेट आणि गमबूट विकणाऱ्या दुकानातून कानावर बसणाऱ्या त्या मोठ्या वाट्या आणल्या. डोक्यावरून जाणारी पट्टी, दोन्ही बाजूंना गादी लावलेल्या वाट्या. तिनं पदर मागं सारला, वाट्या चढवल्या आणि गिरणी लावली. पायरीवरच्या बायांनी तिला बघून हसून घेतलं. तिनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. दळण संपलं, मोटर थांबली, पट्ट्याची फडफड थांबली. ती वाट्या घालून तशीच उभी राहिली, मग मान हलवली.

"दुकानदारानं फसवलं तुमाला. ह्यात तर लयच जोरात वाजायलंय. वापस द्या."

मी वाट्या पिशवीत घातल्या आणि चपला घालता घालता थांबलो. इतकी वर्षं माल पास-नापास करतोय. माल विकणारा कधी स्वतःच्या मालाला खोट काढत नाही. जिची गिरणी वाचायची होती, ती एकेक वस्तू नापास करत होती. नुसतं "चांगलं हाय" म्हणाली असती तर भांडण तिथंच मिटलं असतं.

मी पिशवी खाली ठेवली. "कसली शिट्टी?"

"बारीक. कुकरची वाफ निघायच्या आधी येती ना, तशी."

"गिरणी चालू असताना येते?"

"तवा कशाला ऐकू येतंय? बंद केल्यावर."

"आणि आता? आता तर कानावर काही नाही."

तिनं मान जरा कलती केली. बाया गेल्या होत्या, गल्लीत कुणी नव्हतं.

"आता बी हाय," ती म्हणाली. "पण ती रोजचीच हाय की."

"रोजची म्हणजे?"

"म्हंजे काय? शांत झालं की वाजती ती. समद्यांच्याच कानात वाजती." मग माझा चेहरा पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला. "न्हाई वाजत?"

मी नाही म्हणालो. कधीपासून, असं विचारलं. तिला सांगता येईना. गिरणी घेतली त्यानंतर कधीतरी असेल, म्हणाली. माझ्या रातकिड्याबद्दल ती रोज ऐकत होती, पण हे तेच आहे असं तिला वाटलंच नव्हतं. "तुमी त्याच्यापायी एवढे बेजार झालाव," ती म्हणाली, "म्हून वाटलं तुमचं काहीतरी येगळं असंल."

मला फार वाईट वाटलं. रागही आला, आणि तो कुणावर काढावा हे समजेना. गिरणी बंद कर म्हणायला आता दुप्पट कारण होतं, पण माझ्या तोंडून ते निघेना.

दुसऱ्या दिवशी तिला परभणीला नेलं. काचेच्या खोलीत बसवून तिची तपासणी झाली. आवाज आला की बटण दाबायचं. ती बटणावर अंगठा ठेवून बसली होती आणि बराच वेळ दाबतच नव्हती. तिचे कान माझ्यापेक्षा खराब निघाले. डॉक्टरांनी तेच सगळं सांगितलं, तिला आणि पुन्हा मला. वाट्यांत काही खोट नाही. गिरणी चालू असेल तेवढा वेळ त्या घालायच्या, गादीखाली पदर येऊ द्यायचा नाही, बंद झाली की काढायच्या.

"मंग गिरणी बंद करावी लागंल का?" तिनं विचारलं. प्रश्न डॉक्टरांना होता, पण बघत ती माझ्याकडे होती.

"नाही लागणार," मी म्हणालो. डॉक्टर काय म्हणतात याची मी वाट पाहिली नाही.

येताना एसटीत खिडकीची जागा मिळाली. तिच्या मांडीवर वाट्यांची पिशवी होती. त्याच दुकानातून आणखी एक जोड घेतला होता, भिंतीच्या माझ्या बाजूसाठी.

"तुमाला तर पहिलं नव्हतं ना हे?" तिनं विचारलं. "मंग शांत असलं की काय वाजायचं?"

"काहीच नाही."

"काहीच न्हाई म्हंजे कसं?"

मी सांगून पाहिलं. म्हणालो, गल्ली झोपलेली असायची, मोटर बंद, पंखा बंद, आणि कानात काहीच नसायचं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग हसली आणि पिशवी मांडीवर सारखी केली. तिला वाटलं, मी चेष्टा करतोय.