चंद्राआडची आकाशगंगा आणि ओलं सूत

तंबूतल्या यंत्राचं पेन मेल्यासारखं सरळ रेघ ओढायला लागलं आणि आमच्या शास्त्रज्ञ साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. भर दुपार होती. थोड्याच वेळात चंद्र एका लांबच्या आकाशगंगेपुढून जाणार होता आणि आमच्या अँटेनाला काहीच ऐकू येत नव्हतं. ही वेळ हुकली तर तसा योग पुन्हा कित्येक वर्षांनी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. अक्कलकोट रोडला माळावर आमचा कॅम्प होता. बांबूंवर ताणलेल्या तारांच्या रांगा, हाच आमचा रेडिओ टेलिस्कोप. मी चौथी शिकलेली. गिरणीतलं काम सुटल्यावर इथे तारा जोडायला लागले. जिथे नवे तारे जन्मतात तिथून रेडिओच्या लहरी येतात, दिवसासुद्धा. अँटेना त्या पकडते आणि पेन कागदावर रेघ काढतं. चंद्र आड आला की रेघ खाली उतरते. झटकन उतरली तर चंद्रामागची वस्तू ठिपक्याएवढी. सावकाश उतरली तर पसरलेली. किती वेळ लागला त्यावरून आकार काढायचा.

मी आणि वायरमन बसप्पा रांगेच्या टोकाला पळालो. तिथे आमच्या तारांवर लालभडक सुताच्या ओल्या लडी वाळत होत्या. भाराने एक तार तुटून लोंबत होती. शेजारच्या विणकरवस्तीतली लक्ष्मव्वा आणखी लडी पिळत उभी. तिची वाळवणाची दोरी तुटली होती.

साहेब धापा टाकत मागून आले. हे काय केलंत, म्हणाले.

"तुमीच म्हणला की, तारंत करंट न्हाय," लक्ष्मव्वा म्हणाली. "मग भ्यायचं कशाला?"

खरं होतं. वस्ती अँटेनाला घाबरायची, म्हणून साहेबांनीच घरोघर जाऊन तसं सांगितलं होतं.

बसप्पा लडी ओढून खाली टाकायला निघाला. लक्ष्मव्वा आडवी आली. मातीत पडलं तर सूत वाया. भांडायला वेळ नव्हता.

"माझ्या खांद्यावर टाका," साहेब म्हणाले. अंगात पांढरा शर्ट होता.

साहेब, बसप्पा आणि लक्ष्मव्वा, तिघांनी लडी अंगावर घेतल्या. मी शिडीवर चढले, तुटलेली टोकं खरवडली आणि पीळ घालून आवळली. सोल्डर करायला वेळ कुठला. साहेब लडींसकट तंबूत पळाले. आत पेन हललं. तारांखाली माणूस हलला तरी रेघ बिघडते, म्हणून आहात तिथेच बसा, असं ते आतूनच ओरडले. आम्ही उन्हात बसलो. पीळ सुटतोय की काय, म्हणून माझे डोळे तारेवर.

"उतरतेय," तंबूतून आवाज आला. मग पुन्हा, "अजून उतरतेय."

"लई मोठी दिसतीया," बसप्पा पुटपुटला.

मी त्याला गप केलं.

रेघ चंद्रामुळे उतरली की माझा पीळ सुटत होता म्हणून? ते रेघ पुन्हा वर चढते का, त्यावरून कळणार होतं. बऱ्याच वेळाने आकाशगंगा चंद्रामागून बाहेर आली. रेघ तेवढ्याच सावकाश वर चढली. साहेब नाचतच बाहेर आले. शर्टावर लाल ओघळ.

"शांताबाई, मोजली आपण!"

"मोजा हो," लक्ष्मव्वा म्हणाली, "पन सूत खाली ठिवू नका."

दुसऱ्या दिवशी साहेब पुन्हा घरोघर फिरले. तारेत करंट नाही एवढं सांगून भागत नाही. तिच्यावर काही वाळत घालू नका, हेही सांगावं लागतं.

पुढे साहेब वारले, बसप्पाही गेला. आता लक्ष्मव्वा आणि मी आहोत.